डाव्या हातानं बांधलेली माशी

काकांच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक छोटी काचेची बाटली असायची. तिच्यावर ठळक मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘खाऊ नये’. आत स्पिरिटमध्ये बुडवलेले हिरवट-पिवळे किडे, शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढे. माझ्या बायकोनं ती बाटली पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती काकांना आमटी द्यायला गेली होती. घरी येऊन म्हणाली, “किडे ठेवले ते ठेवले. पण ‘खाऊ नये’ असं लिहायची वेळ का यावी, ते मला कळलं पाहिजे.”

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “मागे मराठी मंडळाचे लोक आले होते जेवायला. एकानं झाकण उघडलं, वास घेतला आणि चमचा शोधायला लागला. तेव्हापासून लिहून ठेवलं.”

काका पार्सिपनीत आमच्याच रस्त्यावर, तीन घरं सोडून राहत. नात्यानं आमचे कोणी नव्हेत. मूळचे नागपूरचे, इंजिनिअर. तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कारखान्यात पाण्याचे व्हॉल्व्ह डिझाइन करत राहिले. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांचं ‘करून राहिलो’ आणि ‘जाऊन राहिलो’ सुटलं नव्हतं. काकू जाऊन बराच काळ झाला होता. एकुलती एक मुलगी नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला. मी विमा कंपनीत नोकरी करतो. कोणत्या वयाच्या माणसाला काय होण्याची शक्यता किती, याची गणितं मांडणं हे माझं काम. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमच्या वास्तुशांतीला काका आले तेव्हा त्यांनी घर पाहिलंच नाही. तीर्थ घेतलं आणि थेट तळघरात गेले. पाण्याच्या मुख्य नळाची चावी पूर्ण बंद केली, पूर्ण उघडली, आणि वर येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाले, “ही वर्षातून एकदा तरी फिरवत जा. नाहीतर लागेल तेव्हा फिरणार नाही.” तोवर स्वयंपाकघरात माझी सासू कोरड्या नळाखाली भांडं धरून उभी होती. कोणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून पाहायचे. हॉटेलात हात धुऊन परत आले की जेवण मागवण्याआधीच त्यांचं मत तयार असे. “इथे वॉशर बदलत नाहीत. भाजी काय ताजी ठेवतील?”

पण हे सगळं फावल्या वेळातलं. काकांचं खरं आयुष्य ट्राउट माशांच्या नदीवर होतं. आमच्याकडून ऐंशी नंबरच्या हायवेनं पश्चिमेला गेलं की तासाभरात मस्कनेटकाँग नदी लागते. लहान, थंड, दगडगोट्यांची नदी. तिथे काका वसंत ऋतूत आठवड्यातून तीन-तीनदा जात आणि धरलेला प्रत्येक मासा परत सोडून देत. ते जन्मभर शाकाहारी होते. अंड्याच्या केकलाही हात लावत नसत. मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हमखास विचारायचं, “काका, खात नाही तर पकडता कशाला?”

“तू क्रिकेट पाहतो ना बे?”

“हो.”

“मग चेंडू खातो का?”

मासा पकडायला ते गांडूळ वापरत नसत. ते माशी बांधत. माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर दोरा, लोकर, ससाण्याची नव्हे, सशाची लव आणि तित्तराचं एखादं पीस गुंडाळून केलेली किड्याची नक्कल. (पहिल्या दिवशी मी ‘ससाण्याची लव’ असं म्हणालो होतो. काका पुढे कितीतरी दिवस मला पक्षिशास्त्रज्ञ म्हणत.) शेकडो तऱ्हेच्या माश्या बांधता येतात, पण काका एकच बांधत. कॅडिस नावाचा एक किडा असतो, त्याच्या कोशातल्या अवस्थेची. फ्रिजमधल्या बाटलीत होते ते हेच, नमुन्याला ठेवलेले. कॅडिसची अळी नदीच्या तळाशी वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून स्वतःचं घर करते. त्यातच दार लावून बसते. आणि मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी ते घर फोडून पोहत वर निघते. वर पोचली की पंख फुटतात आणि उडून जाते. तळ आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या तेवढ्या प्रवासात ट्राउट तिला गाठतात.

“अळी नाही आणि पाखरूही नाही,” काका सांगत. “घर सोडलं आहे, हवा अजून मिळाली नाही. म्हणजे तुझ्यासारखी. ग्रीन कार्डाच्या रांगेत.”

ते हे म्हणाले तेव्हा मी खरोखरच त्या रांगेत होतो, त्यामुळे हसणं मला थोडं जड गेलं.

त्यांचं माश्या बांधण्याचं टेबल म्हणजे जेवणाचं टेबल. एका कडेला छोटा शिकंजा कायमचा कसलेला. त्याच्या जबड्यात आकडा, वर दिवा, बाजूला भिंग. किड्याच्या अंगावर हवेचे बुडबुडे असतात त्यानं तो पाण्यात चकाकतो, ती चकाकी आणण्यासाठी काका दुकानातली महागडी चकाकती लोकर वापरत नसत. इंडियन ग्रोसरीतल्या चिवड्याच्या पारदर्शक पिशव्या धुऊन, वाळवून, ब्लेडनं केसाएवढ्या पट्ट्या कापत. कोणता चिवडा घ्यायचा हे पिशवी उजेडात धरून ठरवायचे. चव दुय्यम होती. काउंटरवरचा मुलगा त्यांना पाहिलं की चिवड्याच्या कप्प्यावरचा दिवा लावून द्यायचा.

मलाही त्यांनीच शिकवलं. मी नीटनेटका माणूस आहे. माझ्या माश्या एकसारख्या, घट्ट, गुळगुळीत व्हायच्या. काका एकेक भिंगाखाली धरत आणि म्हणत, “ही ऑफिसला निघाली आहे.” मग जुन्या टूथब्रशनं तिची सगळी लव उसकटून टाकत. “आता ही बाई घरातून पळून निघाली आहे. घाईत आहे. आता मासा पाहील.” लोकर किती घ्यायची याबद्दल त्यांचा एकच मंत्र होता : “वाटते त्याच्या निम्मी. आणि मग त्यातली अर्धी ठेवून दे.”

नदीवर मी एक चूक सतत करायचो. माशी पाण्यात टाकली की ती तळाशी वाहत खाली जाते. दोर संपत आला की ताणला जातो, आणि पाण्याचा जोर माशीला हळूहळू वर उचलतो. खऱ्या किड्यासारखी. मासा येतो तो त्या उचलीवर. मी मात्र दोर संपला असं पाहून ओढून घ्यायचो आणि पुन्हा टाकायचो. एका तासात जास्त वेळा टाकलं तर मासा लागण्याची शक्यता जास्त, असा माझा हिशेब.

“पोळी फुगायच्या वेळेला तू तव्यावरून काढून राहिला,” काका पलीकडून ओरडायचे. “थांब ना! काही करू नको. नुसता थांब.”

काही न करणं मला जमायला दोन उन्हाळे लागले.

मग एका ऑक्टोबरमध्ये, कचऱ्याच्या दिवशी, काकांचा डबा सकाळी रस्त्यावर आलेला नव्हता. हे कधीच होत नसे. त्यांची किल्ली आमच्याकडे असायची. मी दार उघडून आत गेलो. काका बाथरूमच्या फरशीवर पडलेले होते, आदल्या रात्रीपासून. शुद्धीवर होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला पाहून जड जिभेनं जे पहिलं वाक्य बोलले ते असं : “शॉवरचा वॉशर गेला आहे. रात्रभर टपकून राहिला.”

पक्षाघात होता. जीव वाचला, बोलणं बरंचसं परत आलं, उजवा पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र नुसता होता. टेबलावर ठेवला की तिथे राहायचा, कागद उडू नयेत म्हणून ठेवावा तसा.

मुलगी आली. तिला आम्ही ताई म्हणत असू. ती कित्येक आठवडे काकांच्या त्याच जेवणाच्या टेबलावरून आपलं ऑफिसचं काम करत राहिली. जानेवारीत एका रविवारी तिनं मला आणि बायकोला जेवायला बोलावलं आणि वरण वाढता वाढता विषय काढला.

“दादा, तुम्हीच सांगा बाबांना. आमच्याकडे खालची रूम रेडी आहे. अटॅच्ड बाथ, ग्रॅब बार्स, सगळं केलंय. एकही पायरी नाही.”

“मी कुठे म्हणून राहिलो की खोली वाईट आहे,” काका डाव्या हातानं भात कालवत म्हणाले.

“मग?”

“मी माझ्या घरात राहतो. राहून राहिलो.”

“बाबा, तुम्ही रात्रभर फरशीवर होतात! हे दादा कचऱ्याचा डबा बघून आले म्हणून कळलं. पुन्हा पडलात तर उठवणार कोण? तेवढंच सांगा मला. कोण उठवणार?”

मी मनातून ताईच्या बाजूचा होतो. पंच्याहत्तरी उलटलेला, एकटा राहणारा, पक्षाघात झालेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता किती, हे मला पाठ होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात काकांनी चमचा माझ्याकडे रोखला.

“तुझे आकडे हजार म्हाताऱ्यांचे आहेत. मी एकच आहे.”

मग ते ताईकडे वळले. “मे संपेपर्यंत दे मला. डाव्या हातानं बांधलेली माशी, डाव्या हातानं टाकायची, त्यावर एक ट्राउट. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर मी इथे राहतो आणि तू हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर बॅग भरतो.”

ताईनं कपाळाला हात लावला. “मासा धरणं आणि एकटं राहणं याचा काय संबंध आहे, बाबा?”

“ज्याला एवढं जमते त्याला बाकीचं जमते.”

ती बराच वेळ त्यांच्या टेबलावर ठेवलेल्या उजव्या हाताकडे पाहत होती. मला वाटतं, तो हात पाहूनच तिनं कबूल केलं. “ठीक आहे. पण एकदा जरी पडलात, तर तिथेच संपलं. नो आर्ग्युमेंट. आणि खरं काय झालं ते मला कोण सांगणार?”

“हा,” काका म्हणाले. चमचा अजून माझ्याकडेच होता. “याला खोटं बोलता येत नाही.”

“खरंच येत नाही,” माझी बायको म्हणाली. तिच्या सुरात कौतुक नव्हतं.

अशा रीतीनं मी पंच झालो.

फिजिओथेरपीसाठी एक बाई घरी येत. त्यांनी बोटांसाठी रबराचा गोळा आणि लाकडी खुंट्या आणल्या होत्या. काकांनी त्या सगळ्या टेबलाच्या टोकाला सरकवल्या आणि शिकंजा पुढे ओढला. बाईंनी काही वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ज्यानं हात चालेल ते करा. त्या दिवसापासून माश्या बांधणं हे अधिकृत उपचारांत जमा झालं आणि काका ते औषधासारखं, न चुकता करू लागले.

पहिली माशी बांधायला त्यांना एक अख्खी दुपार लागली. ती कपड्यांच्या ड्रायरच्या जाळीतून निघालेल्या कापसासारखी दिसत होती. काकांनी भिंगाखाली पाहिली, ब्लेडनं सगळं कापून आकडा मोकळा केला आणि तोच आकडा पुन्हा जबड्यात बसवला. उजवा अंगठा त्यांनी डाव्या हातानं उचलून आकड्याच्या मागे ठेवायला सुरुवात केली, दोऱ्यावर वजन म्हणून. लव दोऱ्याला पीळ देऊन लावायची असते, ते एका हातानं होईना. तेव्हा त्यांनी दोरा दातात धरला. मिशीला लव चिकटायची. त्या हिवाळ्यात काकांच्या मिशीत एक सशाचा रंग कायम होता.

सगळ्यात अडलं ते शेवटच्या गाठीवर. माशीच्या गळ्याशी दोरा फिरवून गाठ मारायची असते. तिला दोन्ही हातांची बोटं लागतात. गाठ बसली नाही तर सगळं बांधकाम पहिल्याच माशाच्या दातात उलगडतं. कित्येक दिवस तयार माशी त्या टप्प्यावर सुटून जायची. काका दोरा पुन्हा गुंडाळायला लागायचे.

“काका, मी बांधून देतो ना,” मी एकदा म्हणालो. “तुम्ही टाका.”

“मग मासा तुझा. मी नुसता रॉड धरायला.”

“निदान गाठ तरी मारू द्या.”

“तू बायकोला सांगतो का, अख्खा स्वयंपाक कर, मीठ मी टाकतो, म्हणजे स्वयंपाक माझा?”

मार्चमध्ये एका शनिवारी गेलो तर टेबलावर बँकेचं फुकटचं बॉलपेन उघडून पडलं होतं. रिफिल बाहेर. काकांनी मोकळ्या नळीवर दोऱ्याचा एक वेढा घेतला, नळीचं टोक आकड्याच्या डोळ्यावर, म्हणजे दोर ओवायच्या भोकावर, टेकवलं, आणि वेढा नळीवरून घसरून माशीच्या गळ्याभोवती जाऊन बसला. दोरा ओढला. गाठ.

“पाइपफिटिंग आहे हे,” काका म्हणाले. “एवढे दिवस मी शिवणकाम समजून राहिलो होतो.”

त्यांनी ती माशी माझ्या तळहातावर ठेवली. वाकडी होती. पीस एका बाजूला जास्त होतं, अंग मधेच फुगलेलं. मी दोरा नखानं ओढून पाहिला. हलला नाही. काकांनी तिला टूथब्रश लावला नाही. ती आधीच घरातून पळून निघालेली दिसत होती.

एप्रिलच्या शेवटी आम्ही नदीवर जाऊ लागलो. मी गाडी चालवायचो. काका उजव्या मनगटात चालायच्या काठीचा पट्टा अडकवून पाण्याच्या कडेनं उभे राहायचे. पोटरीच्या वर पाणी जाईल तिथे जायचं नाही, अशी मी अट घातली होती आणि ती त्यांनी पाळली. मी नेहमी त्यांच्या खालच्या अंगाला, दोन हातांवर.

पहिल्या दिवशी डाव्या हातानं टाकलेल्या बहुतेक माश्या मागच्या सिकॅमोरच्या झाडाच्या फांदीवर जाऊन बसल्या. एकेक माशी म्हणजे एकेक दुपारची मेहनत. काका वर पाहायचे, दोर तोडायचे, पुढची माशी दातात धरून दोराला बांधायचे. दुसऱ्या वेळेस पावसानं नदी फुगलेली होती. काकांनी काठावरून पाहिलं आणि “आज नाही” म्हणून गाडीत जाऊन बसले. तिसऱ्या वेळेस खरंच मासा लागला. काकांचा डावा हात दचकल्यासारखा वर गेला, आणि दोर तुटला. प्रत्येक वेळी गाडीत बसेपर्यंत ताईचा मेसेज आलेला असायचा : ‘स्कोअर?’ मी लिहायचो : ‘शून्य.’

“तुटलेल्याचा अर्धा लिही,” काका म्हणाले.

“अर्धा मासा नसतो, काका.”

“माहीत आहे. पाहून राहिलो होतो, तू लिहितो का.”

मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दुपारीच गेलो. ताईनं काकांचं विमानाचं तिकीट काढायला परवानगी मागितली होती, काकांनी “थांब” म्हटलं होतं. डबीत तीन माश्या उरल्या होत्या. पहिली तळाच्या दगडात अडकून गेली. दुसरी झाडावर. संध्याकाळ व्हायला आली आणि पाण्यावर ती हालचाल सुरू झाली. आधी एकदोन भुरकट पाखरं, मग ढगच. त्यांच्या खाली, पाण्याच्या कातडीखाली, मासे फिरत होते. मधेच फुगवटा यायचा आणि मिटायचा.

काकांचा डावा हात थकला होता. माशी टाकायला जेमतेम उचलत होता. दोर संपताना रॉड सावकाश वर न्यायची असते, ते त्यांना जमेना. हात अर्ध्यावर थरथरायचा आणि माशी उड्या मारायची. मासे तिच्यापासून बाजूला होत होते. मला ते स्पष्ट दिसत होतं.

“काका, जरा बसू या का?”

“मासे बसून राहिले का?”

मग त्यांनी एकदा माशी टाकली, रॉडची मूठ उजव्या काखेत खुपसली, डावा हात सोडून दिला आणि नुसते उभे राहिले. काही केलं नाही. दोर वाहत गेला, ताणला, आणि त्याच्या टोकाला पाणी माशीला उचलू लागलं. दोर थांबला. मग आडवा सरकला.

“आला,” काका म्हणाले, अगदी हळू.

रॉड काखेत तशीच, डाव्या हातानं ते दोर आत घेऊ लागले. एक ओढ, दोर दातात, पुन्हा ओढ. मासा प्रवाहाकडे पळाला तेव्हा त्यांनी दात सोडले आणि त्याला जाऊ दिलं. पुन्हा आत घेतला. वीतभरापेक्षा थोडा मोठा ब्राउन ट्राउट, त्यांच्या पायापाशी आला. पण आता काखेतली रॉड सोडली तर दोर ढिला पडणार, आणि डावा हात दोरावर. माशाला धरायला हातच नव्हता. मासा दोनदा त्यांच्या पायांभोवती फिरला.

मी पुढे सरकलो.

“खबरदार,” काका म्हणाले. “पंचानं कॅच घ्यायचा नसते.”

आणि ते नदीत बसले. पडले नाहीत. मी पाहिलं आहे. डाव्या मुठीत दोरासकट काठी धरून रोवली, डावा गुडघा वाकवला आणि गोट्यांवर, पोटरीभर पाण्यात, मांडी घालायला बसावं तसे बसले. मासा त्यांच्या दोन मांड्यांमध्ये सापडला. त्यांनी मांड्या मिटल्या. डाव्या हातानं त्याच्या जबड्यातून आकडा काढला. त्यांच्या आकड्यांना उलटा काटा नसे, लगेच निघाला. मग हात पाण्यातच ठेवून त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले दोन-चारदा उघडले. मासा गेला.

“दिसला ना?”

“दिसला.”

“कोणी हात लावला?”

“नाही.”

“बरं.”

आता उठायचं होतं. मे असला तरी ते पाणी थंड असतं आणि त्यांच्या पँटच्या आत शिरत होतं. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, घेतला नाही. काठी रोवून उठू पाहिलं. उजवा पाय गोट्यांवरून घसरला, ते पुन्हा बसले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. थोडा वेळ नुसते बसून काठाकडे पाहत होते, एखादं यंत्र कुठून उघडतं ते पाहावं तसे. मग डाव्या कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले आणि रांगत निघाले. उजवा हात पाण्यातून ओढला जात होता. काठाला सिकॅमोरचं एक जाड मूळ बाहेर आलेलं होतं. त्यावर डावं कोपर टाकलं, छाती टाकली, डावा पाय खाली घेतला आणि मुळाला धरून वर आले. मी पाठीमागे, दोन्ही हात उघडे धरून, न लावता उभा होतो. ते सरळ उभे राहिले तेव्हा ओठ निळे पडलेले होते.

“चल,” ते म्हणाले. “रॉड आण.”

गाडीत मी हीटर पूर्ण लावला, त्यांना माझं जाकीट आणि मागच्या सीटवरची चादर गुंडाळली. मेसेज आला होता. मी उत्तर लिहिलं नाही, फोन लावला. ताईचा आवाज गाडीच्या स्पीकरवर आला.

“दादा? स्कोअर?”

“एक.”

“रिअली? बाबांच्या माशीवर?”

“हो. त्यांनीच बांधलेल्या. त्यांनीच टाकली, त्यांनीच सोडला.”

“सांग तिला किती मोठा होता,” काका दात वाजवत म्हणाले.

“बाबा, तुम्ही एक मिनिट गप्प बसा. दादा, पडले का?”

‘नाही’ एवढंच म्हटलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं. काका समोरच्या काचेकडे पाहत होते. त्यांनी मला खूण केली नाही, काही सुचवलं नाही.

“पडले नाहीत,” मी म्हणालो. “बसले. पाण्यात. मासा हातात येत नव्हता म्हणून बसले.”

“नदीत बसले?”

“पोटरीभर पाणी होतं.”

“ओ माय गॉड. बाबा!” मग तिचा आवाज खाली आला. “मग उठवलं कोणी?”

“कोणी नाही.”

“दादा, प्लीज. मला खरं सांगा.”

“खरंच सांगतोय. मी हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. दोनदा घसरले. मग रांगत काठाला गेले आणि झाडाच्या मुळाला धरून उठले. वेळ बराच लागला. पण मी त्यांना हात लावलेला नाही.”

मग ताईनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“रांगत?”

“हो.”

“आणि उठले.”

“उठले.”

काकांनी चादर गळ्यापर्यंत घेतली आणि स्पीकर आहे तिकडे थोडे वाकले.

“ताई,” ते म्हणाले. ते तिला कधी ताई म्हणत नसत. “ती खालची खोली भाड्यानं देऊन टाक.”

ती हसली की रडली, ते त्या स्पीकरवर मला सांगता आलं नाही.

“देते, बाबा,” ती म्हणाली. “आधी कपडे बदला.”